शाखा क्रमांक दोनशे अठरा

४ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

"थांबा, अजून सगळे तारे आलेले नाहीत."

सोळा वर्षांपूर्वी, लग्न होऊन मी तुमच्या घरात आले त्याच महिन्यात, बाबा मला त्यांनी नुकतंच उभं केलेलं तारांगण दाखवायला घेऊन गेले होते. वाचनालयाच्या जिन्याने वर, मग ते ठेंगणं दार, मग गोल खोली. दिवे मालवले आणि डोक्यावर चार-पाच ठळक तारे उगवले. नवी सून म्हणून काहीतरी बोलायला हवं असं वाटून मी म्हटलं, "अय्या, किती छान!" तेव्हा अंधारातून सासऱ्यांचा शांत आवाज आला. तुझे बाबा मला पहिल्यांदा रागावले, असंच मला वाटलं. आणि मग बाकीचे तारे आले. आधी मोठे, मग मधले, मग खडूची भुकटी उडावी तसे बारीक बारीक. शेवटचे तर खरोखर आले की मला भास झाला, तेही कळेना. त्या दिवशी खाली उतरताना मला वाटलं होतं, माझी उंची थोडी कमी झालीय. आणि ते चांगलं वाटलं होतं.

बाबांनी काम सोडल्यापासून घुमट मीच चालवते. मुलांच्या प्रत्येक घोळक्याला तेच वाक्य सांगते. गेल्या आठवड्यात सांगितलं आणि एकही तारा आला नाही.

हे फोनवर बोलले असते. पण फोनवर आपण दोघी "बरं आहे ना?" "हो, बरं आहे" एवढंच बोलतो, आणि बाबा मागे बसलेले असतात, तोंड भिंतीकडे आणि कान आपल्याकडे करून. म्हणून लिहिते.

झालं असं. मशीन रेंगाळत होतं म्हणून वाचनालयाने कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलावला. तुझा दादा त्याला 'सर्वज्ञ' म्हणतो. सर्वज्ञने मशीन उघडून जाहीर केलं, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर फार जुना झालाय." दादा म्हणाला, "राहू दे की, जुना ड्रायव्हर रस्ता ओळखतो." सर्वज्ञ हसला नाही. त्याने ग्राफिक्सचं कार्ड बनवणाऱ्या तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा सगळ्यात मोठा आकडा निवडला, ४३१.०७. मोठा म्हणजे नवा आणि नवा म्हणजे चांगला, असं त्याचं म्हणणं. मशीन पुन्हा सुरू केलं तर घुमट काळाकुट्ट. आता तो म्हणतो, कार्डच टाकून द्या.

मी स्वतः ते पान उघडलं, टिंबू, आणि माझं डोकं गरगरलं. ४३१.०७ गेल्या उन्हाळ्यातला आणि २१८.९३ परवाच्या डिसेंबरातला! लहान आकडा मोठ्यानंतर कसा जन्मतो? आणि प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर 'शाखा' असं लिहिलेलं. मला वाटलं, बँकेसारख्या तुमच्याही ठिकठिकाणी शाखा असतील. मी सर्वज्ञला म्हटलं, "आपलं कार्ड शाखा क्रमांक दोनशे अठराकडे आहे असं इथे दिसतंय. ती कुठे आहे ते बघा, मी स्वतः जाऊन येते." तो बिचारा बराच वेळ पत्ता शोधत होता.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग झिजत चाललाय. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, कान दिसतात. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत किती उरेल ते सांगता येत नाही. बाबांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. परवा म्हणाले, "सूनबाई, एकदा माझं आकाश बघून घेतो." मी या महिन्याअखेरचा शब्द देऊन बसलेय, आणि माझ्याकडे आकाशच नाही.

तू त्याच कंपनीत आहेस. मला फक्त एवढं सांग, कुठला आकडा?

तुझी वहिनी


७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सर्वज्ञ पत्ता शोधतोय हे वाचून मी इतकी हसले की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी काचेवर टकटक केली. तू फार चुकलेली नाहीस पण. शाखा क्रमांक दोनशे अठरा खरंच आहे. तिला टेबल आहे, खुर्ची आहे, आणि खिडकीतून एक पार्किंग दिसतं. फक्त तिथे टोकन घेऊन रांगेत उभं राहता येत नाही. यापुढे आपण तिला 'फांदी' म्हणू या, म्हणजे तू पिशवी घेऊन निघणार नाहीस.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. बाबांचा प्रोग्रॅम म्हणतो, "इथे एक तारा काढ." कार्डाला ती भाषा कळत नाही, त्याला स्वतःचीच एक बोली येते. मधला जो ऐकून सांगतो तो ड्रायव्हर. दर काही वर्षांनी नवी कार्डं येतात, त्यांची बोली बदलते. दुभाष्याने किती बोली लक्षात ठेवायच्या? मग एक दिवस आम्ही ठरवतो की मुख्य खोड आता नव्या बोलींकडे जाईल, आणि जुन्या कार्डांसाठी इथून एक फांदी वेगळी निघेल. तुमचं कार्ड त्या फांदीवरचं. टिंबाच्या आधीचा आकडा ही फांदी, टिंबानंतरचा आकडा म्हणजे तिच्यावरचं पान.

तुला घराच्या भाषेत सांगते. २१८ हे थोरल्या काकांचं घर, ४३१ हे धाकट्या काकांचं. थोरल्या घरात परवा बाळ जन्मू शकतं, आणि त्याच वेळी धाकट्या घरातली मुलगी लग्नाची असू शकते. घराच्या नंबरावरून पोराचं वय काढायचं नसतं. सर्वज्ञने तुमच्या कार्डाला भलत्याच घरात नेऊन सोडलं. तिथे त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून ते अंधारात बसलंय. ते मेलेलं नाही.

जुन्या फांदीवर नवं काही येत नाही, फक्त दुरुस्त्या येतात. हा नियम आहे आणि तो चांगला आहे. खोडावर एखादी चूक सापडली की तिची दुरुस्ती कापून आणायची, जुन्या फांदीला सोसेल अशी तासायची आणि बसवायची. कलम करतात तसंच. म्हणून जुन्या फांदीला डिसेंबरात पान फुटतं.

तर ४३१ मुळासकट काढा. अर्धवट काढू नका, दोन दुभाषे एका खोलीत भांडतात. मग २१८.९३ घाला. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'नवी आवृत्ती उपलब्ध' असं आलं तरी हात लावू नका. दोनशे अठरावर काम करणारे माझ्या ओळखीचे आहेत, अडलं तर त्यांना विचारीन.

बाबांच्या डोळ्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दादा फोनवर "बरं आहे" म्हणाला होता. आता त्या "बरं आहे"मध्ये आणखी काय काय आहे कोण जाणे.

मी हे सांगितलं असं बाबांना सांगू नकोस. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळांतली चित्रं हलवायला गेलेली मुलगी आकाशाबद्दल काय सांगणार, असं त्यांना वाटेल. सर्वज्ञने केलं म्हण.

टिंबू


१७ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. सर्वज्ञ आता वाचनालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो, "आधी फांदी बघायची असते." परवा एका बाईंना त्याने बागकामाच्या पुस्तकांच्या कपाटापाशी उभं राहून हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी सोळा वर्षं त्या मशीनचं झाकण पुसलंय. आत काय आहे याचा विचार केला तो फक्त गरम हवा कुठून येते एवढाच. आणि इतकी वर्षं जगात कुठेतरी एक माणूस बसून आमच्या त्या म्हाताऱ्या कार्डासाठी दुरुस्त्या तासत होता! त्याला आमचं वाचनालय माहीत नाही, आमचा जिना माहीत नाही. आम्ही त्याला एकदाही आभाराचं पत्र पाठवलं नाही, कारण तो आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. विचार करता करता माझ्या हातातली चहाची कपबशी तशीच राहिली. माझ्या डोळ्यांसमोर एक वयस्कर गृहस्थ येतात. स्वेटर, कोपरावर ठिगळ, नाकावर घसरलेला चष्मा. नव्या कामावर सगळी तरुण मंडळी, आणि हे एकटे जुन्या फांदीपाशी. त्यांना माझा नमस्कार सांग.

आता वाईट बातमी. आकाश आलं, पण ते बाबांचं नाही.

काल दुपारी त्यांना आधी एकटंच वर नेलं. मला वाटलं, आधी आमचं आम्ही बघून घेऊ. त्यांना करकरणाऱ्या खुर्चीत बसवलं, त्यांना तीच लागते. दिवे मालवले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "थांबा, अजून..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे तारे हजर. एकदम. मोठे, बारीक, सगळे एका दमात, बटण दाबून दिवा लावल्यासारखे. चित्र स्वच्छ आहे, टिंबू. पूर्वीपेक्षा स्वच्छ असेल. एखाद्या शाळेने टाळ्या वाजवल्या असत्या.

बाबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "बाबा, तुमचंच." ते म्हणाले, "नाही गं. मला नुसता राखाडी डाग दिसतोय. माझं असतं तर दिसलं असतं." आणि जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. आजवर कधी धरला नव्हता.

त्यांचा प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे, एक अक्षर बदललेलं नाही, मी दोनदा तपासून घेतलं. मग तारे घाई का करतात? त्या स्वेटरवाल्या गृहस्थांना विचारशील? महिनाअखेरीला एका शाळेची मुलं येणार आहेत, आणि बाबांनी अजून "नको" म्हटलेलं नाही. फक्त ते आता त्या विषयावर बोलत नाहीत.

वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

ते स्वेटरवाले वयस्कर गृहस्थ म्हणजे मी.

स्वेटर आहे, ठिगळ नाही. नव्या कामावरची सगळी तरुण मंडळी काचेपलीकडे बसतात, आणि या बाजूला एकटी मी, गेली सहा वर्षं. आधी तिघं होतो. 'ओळखीचे आहेत' असं लिहिलं, कारण कंपनीत मी काय करते हे बाबांना कधी सांगितलंच नाही. त्यांना वाटत होतं मी काहीतरी चकचकीत, नवं करते. जुन्या कार्डांची उस्तवार करते हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या गृहस्थांसाठीचा तुझा नमस्कार मात्र पोचला. मी तो टेबलावर ठेवलाय असं समज.

आता तारे. तुझं पत्र वाचल्यावर मला शोधावं लागलं नाही, लगेच आठवलं.

एका बंदराच्या पहाऱ्याच्या खोलीत तुमच्यासारखंच जुनं कार्ड आहे. पडद्यावर समुद्र आणि त्यावर ठिपके. मोठं जहाज म्हणजे ठळक ठिपका, लहान होडी म्हणजे अंधुक. तिथल्या माणसाने दोन वर्षांपूर्वी लिहून कळवलं: "लहान होड्या उशिरा दिसतात." एवढंच. मी किती दिवस त्या एका वाक्याच्या मागे लागले होते. शेवटी सापडलं. फार पूर्वी कुणीतरी दुभाष्याला असं शिकवून ठेवलं होतं की ठळक ठिपके आधी सांग, अंधुक मागच्या रांगेत उभे कर आणि सवडीने सोड. अंधुकांची कुणाला घाई असते! एरवी ते कळतही नाही. पण ठिपके हजारोंनी असले आणि कार्ड थकलेलं असलं की मागची रांग रेंगाळते. मी ती रांग मोडली. २१८.८८ पासून सगळे एकदम येतात.

वहिनी, तेव्हा माझ्या मनातही आलं नाही की तीच रांग बाबांच्या घुमटाखाली उभी आहे.

त्यांचं आकाश मी दोनदाच पाहिलंय, सुट्टीत आले तेव्हा. ते "थांबा" म्हणायचे आणि तारे थांबून थांबून यायचे. मला वाटायचं, बाबांनी ताऱ्यांना तसं सांगून ठेवलंय. नकाशे आखण्यात आयुष्य गेलेला माणूस, एकेक तारा हाताने मांडलेला, म्हणजे कुणी कधी यायचं तेही त्यांनीच मांडलं असणार. त्यांच्या प्रोग्रॅमची प्रत माझ्याकडे आहे. काल ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. त्यात थांबण्याबद्दल एक ओळही नाही. 'सगळे तारे काढ' एवढंच आहे. त्यांचं ते संथ आकाश ही आमची चूक होती. दुभाष्याची चूक. कुणीतरी परका माणूस, कुठल्यातरी दुपारी, अंधुकांना मागे उभं करून घरी गेला. आणि तुमच्या वाचनालयातली मुलं सोळा वर्षं त्यामुळे थांबायला शिकली. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत होते. मला वाटत होतं की आपण करतो त्यातलं काय कुठे जाऊन पोचतं याची आपल्याला काही म्हणता काही कल्पना नसते.

तुमच्या मशीनवर पूर्वी होतं ते २१८.४१ कंपनीच्या संकेतस्थळावरून कधीच काढून टाकलंय. माझ्याकडे आहे. वयस्कर गृहस्थांकडे सगळं असतं. सोबत पाठवतेय. ते घाला, मशीन इंटरनेटपासून तोडा आणि पुन्हा जोडू नका. तुमचं आकाश परत येईल.

पण दुरुस्ती मी मागे घेणार नाही. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगून ठेवते. होड्या आहेत.

आणि ही फांदी मार्चअखेर मिटणार. एक शेवटचं पान निघेल, संकेतस्थळावर तेवढंच कायम राहील, मग माझं टेबल काचेपलीकडे जाईल. बाबांना ती चूक होती हे सांगू नकोस. ते त्यांनी केलं असंच त्यांना वाटू दे.

टिंबू


६ मार्च

प्रिय टिंबू,

कुठून सुरू करू? सरळ घुमटापासूनच करते.

शाळेची चाळीसेक मुलं, त्यांच्या दोन बाई, तुझा दादा, दारात सर्वज्ञ. त्याने स्वतःहून नेटची वायर उपटून खिशात ठेवली होती, कुणी चुकून लावू नये म्हणून. बाबांना यायला तयार करताना मी फक्त एवढंच म्हटलं, "दुरुस्त झालंय." ते म्हणाले, "कोट दे."

त्यांना करकरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि माईक त्यांच्या हातात दिला. दिवे गेले. मोठे तारे उगवले. मुलं "आहा" करायला लागली आणि बाबा म्हणाले, "थांबा, अजून सगळे तारे आलेले नाहीत." मी नियंत्रणाच्या टेबलाशी उभी होते. माझी नजर वर नव्हती, त्यांच्यावर होती. त्यांचा चेहरा तसाच, काही दिसत नसल्यासारखा. मग मधले तारे यायला लागले, आणि बाबांनी मान हळूच एका बाजूला वळवली. ऐकू कमी येणारा माणूस चांगला कान पुढे करतो, तशी.

"आला," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. "हा इकडे एक आला. तिकडे अजून एक. उत्तरेला, खाली, बारीक जोडी आहे ना, ती आली." ते बोटाने दाखवत होते आणि बोट बरोबर होतं, टिंबू. आम्हाला ते तारे दिसायच्या आधी त्यांना दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला समजावलं. त्यांच्या नजरेच्या मधोमध भोक आहे, पण कडा शाबूत आहे. आणि अंधुक तारा तसाही कडेनेच दिसतो, चांगल्या डोळ्यांनासुद्धा. त्यात कडेला काही नवं आलं की नजर ते झटकन टिपते. सगळे एकदम आले तेव्हा त्यांना डाग दिसला. एकेक करून आले तेव्हा त्यांना प्रत्येकाची चाहूल लागली. मागच्या रांगेतले, सवडीने सोडलेले, ज्यांची कुणाला घाई नव्हती, नेमके तेच त्यांना भेटले.

एक मुलगी म्हणाली, "आजोबा, मला नाही दिसत." बाबा म्हणाले, "सरळ त्याच्याकडे बघू नकोस. शेजारी बघ. तो आपणहून दिसतो." थोडा वेळ काही नाही, आणि मग त्या अंधारात एकामागून एक मुलं कुजबुजायला लागली, "दिसला", "मलाही", "अरे, किती आहेत!" त्यांच्या एक बाई रडत होत्या. मी का रडत होते ते मला माहीत होतं, त्या का रडत होत्या ते विचारलं नाही.

आता तुझी माफी मागायला हवी. खरं तर दादाने मागायला हवी. जेवताना तो आनंदाच्या भरात बोलून गेला, "आणि बाबा, गंमत म्हणजे ती ड्रायव्हरची चूक होती!" मी टेबलाखालून लाथ मारली ती सर्वज्ञला लागली. त्याला जेवायला थांबवून घेतलं होतं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "म्हणजे सोळा वर्षं मी दुसऱ्याच्या चुकीवर भाव खातोय?" मग म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं की मी हे इतकं चांगलं लिहिलेलं नाही. खऱ्या संध्याकाळी तारे असेच येतात. म्हटलं, मशीनला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कशाला विचारा. वाक्य तेवढं माझं."

मग विचारलं, "दुरुस्त कुणी केली?"

मला खोटं बोलता आलं नाही. बंदर सांगितलं, होड्या सांगितल्या, तुझं टेबल, तुझी सहा वर्षं, काचेअलीकडची खुर्ची, सगळं सांगितलं. ते ताटातल्या ताटात बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर केलं तिने. होड्या आधी." आणि हात धुऊन आल्यावर, "होड्या आता किती लांबून दिसतात?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

ते म्हणाले, "तिला विचार."

म्हणून विचारते. होड्या आता किती लांबून दिसतात? उत्तर नीट सविस्तर लिही, मी त्यांना वाचून दाखवणार आहे. ते रोज टपालाची चौकशी करतात, आणि मी विचारलं की म्हणतात, "सहज."

अजून एक गोष्ट आहे. बाबांनी आपल्या आकाशाच्या प्रती अशीच जुनी कार्डं असलेल्या पाच-सहा लहान गावांतल्या शाळांना देऊन टाकल्या होत्या, आठवतं? त्यातल्या एका शाळेच्या बाईंनी मागे लिहिलं होतं, "तुमचे तारे हल्ली घाई करतात." तेव्हा मला वाटलं, त्यांचं काहीतरी बिघडलंय. आता कळतंय. आमच्या मशीनची वायर सर्वज्ञच्या खिशात आहे, शाळांना इंटरनेट लागतंच, त्यामुळे त्यांची तशी काढता येत नाही. त्यांच्याकडे जे शेवटचं असेल तेच चालणार, आणि शेवटचं पान तू काढणार आहेस.

दुरुस्ती काढ असं मी म्हणणार नाही. होड्या आधी, हे आता या घरात ठरलंय. पण दाराला आतून खिट्टी असते ना, तशी एक बारीकशी खिट्टी त्या शेवटच्या पानात ठेवता येईल का? एरवी लावलेलीच राहील. बंदराला ती आहे हे कळणारही नाही. फक्त ज्याला हवी त्याने ती उघडायची, म्हणजे अंधुक तारे पुन्हा मागच्या रांगेत उभे राहतील आणि सवडीने येतील. खिट्टीचं नाव काय ठेवायचं ते मी तुला सांगायला नको, बाबांच्या वाक्याचा पहिला शब्द आहेच.

जुन्या फांदीवर नवं काही येत नाही, फक्त दुरुस्त्या येतात. तूच शिकवलंस, आणि आता सर्वज्ञच्या कृपेने हे सगळ्या वाचनालयाला पाठ आहे. नियम चांगला आहे हेही तूच लिहिलंस. तुझं उत्तर मला माहीत आहे. तू बाबांची मुलगी आहेस, नियमाला धरून "नाही" म्हणशील आणि वर दोन ओळी समजावून सांगशील.

तरी मागते, टिंबू. फांदी मिटायच्या आधी तिच्यावर एवढं एकच नवं येऊ दे.

तुझी वहिनी